वास्को द गामाचे गणगोत: जुन्या गोव्यातील मुलांसाठीची इतिहासफेरी

गोव्यातील मुलांच्या कानांवर वास्को हे नाव प्रथम पडते ते शहराचे आणि रेल्वे स्टेशनचे म्हणून. पुढे त्याच नावाचा दर्यावर्दी पाठ्यपुस्तकात भेटला, की गोवा त्यानेच जिंकला असावा असे बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात गोवा जिंकला तो १५१० साली अफोन्सो द अल्बुकर्कने. गामा १४९८ च्या परतीच्या प्रवासात अंजदीव बेटावर थांबला होता आणि व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला तो १५२४ साली, म्हणजे मृत्यूच्या वर्षी. ही गल्लत दूर करणारी, मराठी-कोकणीतून चालणारी एक इतिहासफेरी सध्या जुन्या गोव्यात मुलांसाठी भरवली जाते. आमच्या शाळेतील पाचवी ते सातवीच्या मुलांना मी तिथे नेले होते.

या फेरीचे वेगळेपण असे, की ती सफरींच्या सनावळीतून गामाला न शिकवता त्याच्या नात्यागोत्यांतून शिकवते. आरंभीच प्रत्येक मुलाच्या गळ्यात एकेका व्यक्तीच्या नावाची पाटी अडकवली जाते आणि मधोमध उभ्या असलेल्या 'वास्को'च्या हातातून प्रत्येकाकडे सुताचा एक धागा जातो. थोरला भाऊ पावलो, पत्नी कातारिना, मुलगे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीच्या राजाने दिलेला वाटाड्या, कालिकतचा सामूतिरी राजा अशी ही मंडळी. पावलो हा 'साँव राफायेल' जहाजाचा कप्तान होता. परतीच्या वाटेवर खलाशी इतके कमी उरले, की ते जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळून टाकावे लागले. आजारी भावाला घेऊन वास्को वेगळ्या वाटेने निघाला आणि पावलोचा अंत आझोर बेटांपैकी तेर्सेरावर झाला, हे सांगताना मार्गदर्शक ताईंनी कात्रीने धागा कापला. हिंदुस्थानचा मार्ग सापडल्याची वार्ता लिस्बनला आधी पोहोचवली ती ताफ्यातला दुसरा कप्तान निकोलाव कोएल्यो याने. जगभर गाजलेल्या सफरीचा नायक स्वतः उशिरा आणि भावाला मागे ठेवून घरी पोहोचला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील चार ओळींत कुठेच येत नाही.

मुलांना सर्वांत आवडला तो गास्पार. आदिलशाहीच्या चाकरीतला हा यहुदी माणूस अंजदीव येथे पोर्तुगिजांकडे आपणहून आला. हेर असल्याच्या संशयावरून त्याला फटके मारण्यात आले, नंतर त्याचा बाप्तिस्मा झाला, वास्को त्याचा धर्मपिता झाला आणि तो गास्पार द गामा या नावाने पोर्तुगालला गेला. दोनच वर्षांनी तो पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या ताफ्याबरोबर ब्राझीलच्या किनाऱ्यावरही उतरला. अंजदीव आजही आपल्या काणकोण तालुक्यात मोडते, हे ऐकल्यावर पाळोळ्याकडे आजोळ असलेल्या एका मुलीने आपली मान उगाचच ताठ केली. फटके मारणाराच धर्मपिता कसा काय होतो, हा एका मुलाचा प्रश्न मात्र ताईंनी हसण्यावारी नेला. तो तसा नेण्यासारखा नव्हता.

मांडवीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीपाशी ही फेरी खऱ्या अर्थाने रंगते. १५९७ मध्ये व्हाइसरॉय होऊन आलेल्या फ्रान्सिस्को द गामा या पणतूने पणजोबाच्या स्मरणार्थ ही कमान उभारली. नदीकडच्या बाजूला कोनाड्यात वास्कोचा पुतळा आहे, तर शहराकडच्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक स्त्री आणि तिच्या पायांखाली पालथा पडलेला पागोटेधारी पुरुष. फ्रान्सिस्कोच्या कारभाराला विटलेल्या विरोधकांनी पणजोबाचा पुतळा खाली खेचून त्याचे तुकडे केले होते. पुढे तो पुन्हा बसवला गेला. सध्याची कमान बरीचशी १९५४ सालच्या पुनर्बांधणीतली आहे, हेही ताईंनी न लपवता सांगितले. पणतूवरचा राग पणजोबाच्या पुतळ्यावर निघाला, यावर मुलांनी स्वतःहून जी चर्चा केली ती वर्गात मला कधी घडवता आली नसती. पायांखालचा माणूस कोण, यावरही पुष्कळ वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला.

बॉम जेझूस चर्चसमोर वास्कोच्या मुलग्यांची पाळी येते. १५४० ते १५४२ या काळात गोव्याचा गव्हर्नर असलेला इस्तेव्हांव, इथिओपियाच्या राजाच्या मदतीला चारशे माणसे घेऊन जाऊन तिथेच मारला गेलेला क्रिस्तोव्हांव, आणि मलाक्क्याचा कप्तान आल्व्हारो, ज्याने १५५२ साली ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर यांच्या चीनला निघालेल्या शिष्टमंडळात मोडता घातला. झेवियर यांचे शव ज्या वास्तूत आहे तिच्या दारात ही भांडणाची हकिकत ऐकताना मुले थक्क झाली.

माझी मुख्य तक्रार पुढे आहे. १५२४ मध्ये गामाने जहाजांवर बायका आणण्यास मनाई केली होती आणि तरीही आलेल्या तिघींना गोव्यात सर्वांसमक्ष फटके मारवले. मरताना मात्र त्याने त्यांच्या लग्नासाठी पैसे ठेवले, असे गास्पार कोर्रेया या समकालीन इतिवृत्तकाराने लिहून ठेवले आहे. ताईंनी हा प्रसंग संयमाने आणि चांगला सांगितला. पण १५०२ साली मक्केहून परतणारे 'मिरी' जहाज बायकामुलांसह जाळल्याची घटना 'दुसरी सफर युद्धाची होती' एवढ्या वाक्यात आटोपण्यात आली. सामूतिरीच्या दरबारात वास्कोने नेलेल्या टोप्या, साखर आणि मधाच्या नजराण्याचे हसे झाले, इथपर्यंतचा धागा मुलांच्या हातात असताना तो पुढे कसा तुटला हे सांगायचेच नाही, तर सामूतिरीच्या पाटीला अर्थ काय? सातवीतल्या मुलांना हे पेलवते. सांगण्याची रीत तेवढी सांभाळावी लागते. कातारिनाच्या पाटीचेही तसेच. तिच्याकडे सात मुलांची आई यापलीकडे एकही वाक्य नसल्याने ती पाटी मिळालेली मुलगी पूर्ण वेळ धागा धरून गप्प उभी होती. कागदपत्रांत तिच्याविषयी फार काही सापडत नसेल, तर तेच मुलांपुढे मांडायला हवे होते.

बाकी व्यवस्था चोख आहे. फेरी सकाळी लवकर सुरू होत असल्याने ऊन टळते. पुरातत्त्व संग्रहालयातील व्हाइसरॉयांच्या तसबिरी मात्र घाईत उरकल्या गेल्या. गामा घराण्यातल्या तसबिरींसमोर थोडे थांबता आले असते. नाश्त्याची भाजी-पाव गरम होती. शुल्क एका बऱ्या पुस्तकाच्या किमतीएवढे आहे. चौथीखालील मुलांना ही नावांची गर्दी झेपणार नाही. सातवी आणि त्यापुढच्या वर्गांना नेणाऱ्या शिक्षकांनी नोंदणी करतानाच 'मिरी'चा प्रसंग घ्यावा असे कळवावे. मी फेरी संपल्यावर ही सूचना केली तेव्हा ताईंनी ती वहीत लिहून घेतली आहे.