ब्रँडऐवजी जेनेरिक गोळ्या: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन अशा तीन गोळ्या मी रोज घेतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिन्ही जेनेरिक, म्हणजे मूळ ब्रँडचाच घटक असलेल्या पण इतर उत्पादकांच्या स्वस्त गोळ्या, सुरू केल्या, त्याला आता बरेच महिने झाले. पहिल्या दोन औषधांबाबत तक्रारीला जागाच नाही. रक्तदाब पूर्वीइतकाच आटोक्यात आहे, कोलेस्टेरॉलचा अहवालही तसाच आहे आणि खर्च मात्र बराच कमी झाला आहे.

स्वस्त गोळीत औषध कमी असते, हा समज मला अनेकांकडून ऐकायला मिळाला, पण तो चुकीचा आहे. मूळ कंपनीचे पेटंट संपल्यावर इतर उत्पादक तोच सक्रिय घटक त्याच मात्रेत देतात. मूळ संशोधनाचा खर्च त्यांच्यावर नसतो, म्हणून किंमत उतरते. रक्तात पोहोचणाऱ्या औषधाची मूळ ब्रँडशी तुलना करण्यासाठी ठरवलेली 80 ते 125 टक्क्यांची मर्यादा ऐकून लोक घाबरतात, परंतु केवळ सरासरीच नव्हे, तर चाचणीतील अनिश्चितता धरून येणारी संपूर्ण कक्षा त्या मर्यादेत बसावी लागते, त्यामुळे प्रत्यक्षातला सरासरी फरक सहसा त्याहून पुष्कळ कमी असतो.

लेव्होथायरॉक्सिनची गोष्ट वेगळी आहे. याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि थोडासा फरकही शरीराला जाणवू शकतो. हे औषध शरीरातून सावकाश कमी होते, म्हणून बदलानंतर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचे औषध पुरते आहे का हे दाखवणारे रक्तातील संप्रेरक) तपासावे लागते. माझे टीएसएच किंचित वर गेले होते, म्हणजे औषध थोडे कमी पडत होते; डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली आणि पुढच्या तपासणीत ते जागेवर आले. वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे) किंवा फेनिटोइन (फिट्सवरचे) ही अशीच नाजूक मात्रेची औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उत्पादक बदलू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

खरा त्रास गोळीच्या रूपाचा आहे. एकदा पांढऱ्या गोल गोळीच्या जागी फिकट पिवळी, लांबट गोळी मिळाली. स्ट्रिपवरचे नावही निराळे, पण खाली बारीक अक्षरांत अ‍ॅम्लोडिपिन 5 मिग्रॅ असेच छापलेले होते. वयस्कर रुग्ण अशा वेळी जुनी आणि नवी, दोन्ही गोळ्या घेऊन दुप्पट मात्रा पोटात घालू शकतो, आणि ही शक्यता मला सर्वांत गंभीर वाटते. म्हणून मी औषधांच्या यादीत ब्रँडऐवजी घटकाचे नाव व मात्रा लिहितो, आणि नवी स्ट्रिप हाती येताच ती त्या यादीशी ताडून पाहतो. थायरॉइडची गोळी मात्र एकाच उत्पादकाची मागतो. ती न मिळाल्यास डॉक्टरांना कळवून टीएसएच पुन्हा तपासून घेतो.