‘शुद्ध लोकर’ लिहिलेला कोट आणि माझी पहिली मुलाखत

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा हातात नऊ दिवस होते आणि कपाटात ऑफिसला शोभेल असं काहीच नव्हतं. कॉलेजची सगळी वर्षं जीन्स आणि टी-शर्टवर निघाली होती. साठवलेले पैसे मोजके, आणि त्यात कोट, दोन पँट, तीन शर्ट, बूट, बॅग असं सगळं बसवायचं होतं. आत्ता या अवस्थेत जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला फसवणाऱ्यांना गिऱ्हाईक नेमकं असंच हवं असतं: तारीख ठरलेली, पैसे थोडे, आणि कपड्यांतलं फारसं काही न कळणारं.

दोन दिवस मी फोनवर कोट शोधत होते. तिसऱ्या दिवशी ‘इंटरव्ह्यू किट’ची जाहिरात समोर आली. कोट, पँट, दोन शर्ट आणि लेदरचा पट्टा असा पूर्ण संच. मूळ किंमत खोडलेली, खाली तिच्या चौथ्या हिश्श्याहून कमी किंमत, आणि शेजारी मिनिटं-सेकंद उलटे पळताना दिसत होते. ‘निर्यातीचा उरलेला माल, मोठ्या कंपनीचा, म्हणून लेबलं कापलेली आहेत,’ असा खुलासाही होता. कोटाखाली ‘शुद्ध लोकर, सुपर १५०’ असं लिहिलेलं. हा ‘सुपर’ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण आकडा मोठा होता आणि भारदस्त वाटला.

मी मेसेज केला. समोरची बाई फार गोड बोलली. कुठल्या प्रकारची नोकरी आहे, मुलाखत कधी आहे, हे तिने आधी विचारून घेतलं आणि मीही सगळं सांगून टाकलं. आज मागे वळून पाहिलं तर माझं सगळ्यात मोठं नुकसान त्या एका उत्तराने केलं. तारीख कळल्यावर तिने ‘कापड तुमच्या मापाने बेतायला आजच घ्यावं लागेल’ असा धोशा लावला. माप टेपने घेऊन पाठवायचं, पूर्ण रक्कम आधी भरायची. कार्डाने पैसे देण्याची सोय ‘सध्या बंद’ होती, म्हणून थेट खात्यात भरायला सांगितलं. मापाचा माल असल्यामुळे परत घेणार नाही, ही ओळ पैसे भरून झाल्यावर आलेल्या पावतीवर पहिल्यांदा दिसली. पावतीवर मालाचं वर्णन होतं फक्त ‘कपडे, ५ नग’. लोकर हा शब्द कुठेही नव्हता.

पार्सल मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी आलं. उशीर मुद्दाम केला होता असं मला आज वाटतं. ते सिद्ध करता येणार नाही, पण बदलून मागायला वेळच उरला नाही एवढं खरं. कोट अंगात घातला. खांद्याची शिवण माझ्या खांद्याच्या बोटभर खाली उतरत होती, म्हणजे माझी मापं त्यांनी वापरलीच नव्हती. पुढची बाजू चुरगळलेली होती म्हणून आईने ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली. कापड थंड झालं तसे छातीवर फुगे दिसायला लागले. लहान-लहान, पाण्यावर येतात तसे. दाबले की बसायचे, हात काढला की पुन्हा वर.

तोच कोट घालून मी गेले. खोलीत बसताना फाईल घ्यायला हात पुढे केला आणि काखेत अस्तर टरकन फाटलं. आवाज समोरच्या तिघांना ऐकू आला की नाही, माहीत नाही. पुढची वीस मिनिटं मी कोपर अंगाशी घट्ट धरून उत्तरं देत होते आणि माझं निम्मं लक्ष त्या फाटलेल्या अस्तरावर होतं. ती नोकरी मला मिळाली नाही. कोटामुळेच गेली असं म्हणणार नाही. पण इतके दिवस केलेली तयारी मला तिथे नीट मांडता आली नाही, याची चुटपुट अजून आहे.

नंतर तो कोट मी आमच्या ओळखीच्या शिंपीकाकांकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, कोट उलटा केला आणि पहिलं वाक्य बोलले, “बाळा, वरून काय बघतेस, आतून बघ.” पुढचा तासभर त्यांनी जे दाखवलं ते आधी कुणी दाखवलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

छातीवरचे फुगे का आले? कोटाच्या पुढच्या भागाला आकार यावा म्हणून कापडाच्या आत एक थर असतो. चांगल्या, महागड्या कोटात तो कॅनव्हासचा असतो आणि टाक्यांनी धरलेला असतो. स्वस्त कोटात तो गोंदाने चिकटवतात, त्याला फ्युजिंग म्हणतात. काकांनी लगेच हेही सांगितलं की फ्युजिंग म्हणजे फसवणूक नव्हे. नीट केलेलं असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं आणि बेताच्या पैशात तेच परवडतं. माझ्या कोटात गोंदच हलका होता, वाफ लागताच सुटला. ओळखायची खूण सोपी आहे. काजाच्या खाली बाहेरचं आणि आतलं कापड दोन चिमटींत धरून अलगद वेगळं करायचं. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना लागला तर कॅनव्हास. बाहेरचं कापडच जाड, पुठ्ठ्यासारखं ताठ लागलं तर चिकटवलेलं. मग किंमतही चिकटवलेल्या कोटाचीच द्यायची.

मग लोकरीची पाळी. शिवणीच्या आतला एक दोरा त्यांनी उसवला, चिमट्यात धरून पत्र्याच्या ताटलीवर ज्योतीजवळ नेला. दोरा आक्रसला, वितळला, काळा धूर निघाला आणि टोकाला टणक काळा मणी उरला. हे पॉलिएस्टर. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती बहुधा आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. सुती आणि व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) जळताना कागद जळल्याचा वास येतो, मागे हलकी राख राहते. घरी करायचं तर एकच दोरा घ्या, जवळ पाणी ठेवा, आणि कपडा स्वतःचा झाल्यावरच करा.

‘सुपर १५०’ची गोष्ट मी घरी येऊन वाचून काढली. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा असतो. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेच्या संहितेप्रमाणे सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर १२० म्हणजे १७.७५, आणि सुपर १५० म्हणजे १६.२५. आणि ‘सुपर’ हा शब्द निव्वळ नव्या लोकरीच्या कापडालाच लावायचा असतो. पॉलिएस्टरला तो लावणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. त्याहून महत्त्वाचं मला हे वाटलं की कापड खरोखर सुपर १५० असतं तरी ते माझ्या कामाचं नव्हतं. तंतू जितका बारीक तितकं कापड नाजूक; रोज खुर्चीत बसून, बसमध्ये उभं राहून घासलं जाणाऱ्या कोटाला त्याहून कमी आकड्याचं कापड जास्त साथ देतं.

लेबलं सगळी कापलेली नव्हती. आत धुण्याच्या खुणांची एक पट्टी राहिली होती, आणि तिथे त्यांचं पितळ उघडं पडलं. वर ‘१०० टक्के लोकर’, खाली इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके. एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे सगळ्यात जास्त. तीन ठिपके सुती आणि लिननसाठी असतात, लोकरीला दोनच्या वर जात नाहीत. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी कपड्याची पट्टी उचलून इथे शिवली होती. लेबल वाचताना मी आता दोन्ही ओळी एकमेकींशी ताडून बघते.

पट्टा ‘अस्सल लेदर’चा होता. महिनाभरात वाकण्याच्या जागी भेगा पडून वरचा पापुद्रा सुटला, खाली राखाडी जाळीदार कापड. खरं कातडं झिजतं, त्याला वळ्या पडतात, पण सालपटं निघत नाहीत.

पैसे परत मागितले. आधी ‘तपासून सांगतो’, मग ‘माल वापरलेला आहे’, मग उत्तरच नाही. बँकेत गेले तेव्हा कळलं की मी स्वतःच्या हाताने थेट खात्यात भरलेली रक्कम परत आणणं फार अवघड. कार्डाने दिले असते तर निदान व्यवहारावर हरकत घेण्याची रीतसर वाट होती. ‘कार्ड सध्या बंद’ याचा अर्थ तेव्हा समजला. तक्रार मी तरीही लेखी केली आहे, मेसेज आणि पट्टीचे फोटो जोडून. तुम्हीही करा, पैसे परत येवोत न येवोत.

पुढच्या मुलाखतीला मी संच घेतला नाही. एक गडद निळी पँट, दोन फिके शर्ट, आणि कुणीतरी फारसा न वापरलेला करड्या रंगाचा कोट. कोट निवडताना आधी खांदे पाहिले, कारण बाही, कंबर, लांबी शिंपी थोडक्यात बसवून देतो, पण खांदा उसवायला घेतला तर जवळजवळ अख्खा कोट नव्याने शिवावा लागतो. आतल्या शिवणीत कापड किती सोडलंय तेही बघितलं. ते नसेल तर सैल करायला वावच राहत नाही. कापड मुठीत दहा सेकंद दाबून सोडलं आणि सुरकुत्या किती राहतात ते पाहिलं. पँटवर चोख मिश्र कापडाची पट्टी होती, पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज. मला त्याचं काही वावडं नाही. खरं नाव सांगून, त्याच्या किमतीत विकलेलं पॉलिएस्टर हे प्रामाणिक कापड आहे, लवकर वाळतं, चुरगळत नाही. बाकीचे कपडे पहिले दोन पगार हातात आल्यावर, एकेक करून घेतले. तोपर्यंत ती एक पँट आणि दोन शर्ट आलटूनपालटून घातले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या आठवड्यात त्या जाहिरातीतला तोच फोटो पुन्हा दिसला. विकणाऱ्याचं नाव वेगळं, किट तेच, घड्याळ तसंच उलटं पळणारं. फोटोवरून शोध घेतला तर तो आणखी चार ठिकाणी, चार वेगळ्या किमतींना सापडला. करडा कोट, लाकडी हँगर, डाव्या खिशातून डोकावणारा पांढरा रुमाल, मागे विटांची भिंत. हा फोटो तुमच्यासमोर आला आणि कुणी तुमच्या मुलाखतीची तारीख विचारली, तर ती सांगू नका.