मातोमो प्लगइन: नोंदी आपल्याच सर्व्हरवर

वर्डप्रेसवरील संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची मोजदाद करण्यासाठी मातोमो (२०१८पर्यंतचे नाव पिविक) या मुक्तस्रोत प्रणालीचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची पूरक आज्ञावली) मला सर्वांत सोयीचे वाटले. प्लगइन सक्रिय करून ट्रॅकिंग सुरू केले की थीमच्या (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) फायलींत कोड चिकटवण्याची किंवा बाहेरच्या सेवेत खाते उघडण्याची गरज उरत नाही, कारण सर्व नोंदी आपल्याच डेटाबेसमध्ये साठतात आणि वाचक कोणत्या दुव्यावरून आला, कोणत्या पानावर थांबला, हे डॅशबोर्डमध्येच दिसते. याची किंमत मात्र सर्व्हरला मोजावी लागते: वाचक वाढले की डेटाबेसही फुगतो, त्यामुळे स्वस्त सामायिक होस्टिंगवर (जिथे एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असतात) प्रत्येक भेटीच्या जुन्या कच्च्या नोंदी ठरावीक काळाने पुसण्याची सोय चालू ठेवावी. स्वतःच्या भेटी वगळायला विसरू नये. नवख्या लेखकाचा सर्वांत निष्ठावान वाचक बहुधा तो स्वतःच असतो!