ब्लॉख की काउच? माशांचे जुने रंगीत चित्र घेण्यापूर्वी

नाशिकच्या घरात भिंतीवर लावण्यासाठी माशाचे जुने, हाताने रंगवलेले चित्र घेऊ पाहणाऱ्याने दोन ग्रंथांची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, कारण ‘हाताने रंगवलेले’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांचा बारा भागांचा ग्रंथ १७८२ ते १७९५ या काळात निघाला आणि त्यात ४३२ चित्रे आहेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ कागदावर दाबून उमटवायची आणि मग प्रत्येक प्रतीवर कुंचल्याने जलरंग भरायचे, अशी ही रीत होती; काही माशांच्या खवल्यांवर चकाकीसाठी चांदीसुद्धा लावलेली आढळते. जोनाथन काउच हे कॉर्नवॉलमधील पोलपेरोचे डॉक्टर होते. त्यांच्या १८६२ ते १८६५ मधील चार खंडांतली २५२ चित्रे त्यांच्याच रेखाटनांवरून बेंजामिन फॉसेट यांनी लाकडी ठशांनी रंगीत छापली. तिथे रंग मुख्यतः ठशाचा आहे आणि हात फिरला तो शेवटच्या सफाईपुरता.

हा फरक भिंगातून लगेच कळतो. ब्लॉखच्या पानावर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब बोटाला लागतो आणि रंग क्वचित रेघेबाहेर ओघळलेला असतो. काउचच्या पानावर असा दाब नसतो. दोन्हींऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आधुनिक नक्कल समजावी.

टिकाऊपणात मात्र काउच सरस ठरतात. जलरंग उन्हाने विटतात आणि पाण्याने पसरतात, तर ठशाची शाई तितकी हळवी नसते. श्रावणात ओल धरणाऱ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा पश्चिमेचे ऊन येणाऱ्या दिवाणखान्यात ब्लॉख लावणे मला तरी धाडसाचे वाटते. आतली भिंत असेल आणि आम्लरहित पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे काच कागदाला टेकत नसेल, तर हरकत नाही.

तरीही मी ब्लॉखच घेईन. काउच यांचे मासे ब्रिटिश बेटांचे. ते देखणे आहेत, पण आपल्या ताटातले नाहीत. ब्लॉख यांना तरंगमबाडीच्या मिशनऱ्यांकडून दक्षिण भारतातील नमुने मिळत असत. गोदावरीत सापडणाऱ्या मरळीला १७९३ मध्ये आणि बाजारातल्या हलव्याला १७९५ मध्ये शास्त्रीय नाव त्यांनीच दिले. मरळीचे पान मिळाले, तर किमतीची घासाघीस थोडी कमी करावी.

भारतीय मासेच हवे असणाऱ्यांना फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ मधील ग्रंथाची पानेही दाखवली जातात. त्यांतली शिळाछापाची चित्रे मुळात बिनरंगी आहेत. रंगीत पान समोर आले, तर तो रंग नंतर कोणीतरी भरलेला आहे, हे धरूनच भाव ठरवावा.