‘ताजे क्लुवेक’ आणि माझे २५१ युरो ५० सेंट

आकडा आधीच सांगते, कारण लाजेपोटी तोच लपवावासा वाटतो. २५१ युरो ५० सेंट. आपले पंचवीस हजारांवर रुपये. सामान मागवताना फसले: आधी १८७.५० गेले, चार दिवसांनी ६४.

मी पुण्याची, नवरा इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या सुराबायाचा, अकरा वर्षं जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहतो. जावामध्ये माणूस गेल्यावर तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा असे दिवस करतात आणि शेवटी हजारावा. सासऱ्यांचा हजारावा दिवस आला होता, तिकडे जाणं जमत नव्हतं. म्हणून घरीच चौदा माणसांना बोलावलं आणि सासऱ्यांच्या आवडीचं रावोन करायचं ठरवलं. रावोन म्हणजे बीफचा काळाभोर रस्सा. तो काळेपणा क्लुवेक नावाच्या बियांचा. इथल्या आशियाई दुकानात गवती चहा, गलांगल, नारळाचं दूध सगळं मिळतं, क्लुवेक नाही.

इथल्या इंडोनेशियन लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर एकाची जास्तिपची जाहिरात होती. इंडोनेशियाहून येणारा माणूस पैसे घेऊन बॅगेतून सामान आणतो, त्याला जास्तिप म्हणतात. यात मला वावगं काय वाटणार? माझा गोडा मसाला आणि भाजणी अकरा वर्षं अशीच कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून येते. अर्धा किलो क्लुवेक, तेरासी (कोळंबीची आंबवलेली पेस्ट), पेतिस (कोळंबीचा काळा घट्ट सॉस), दोन किलो ताडगूळ, क्रुपुक (तळायचे पापड) अशी यादी दिली. तो मला ‘म्बाक’ म्हणत होता, म्हणजे ताई. घरात दीर म्हणतात तसं.

आता जिथे मला कळायला हवं होतं ते. मी विचारलं, क्लुवेक हलवल्यावर वाजतात ना? उत्तर आलं, ‘म्बाक, एकदम ताजे, याच आठवड्यात झाडावरून काढलेत.’

ताजं क्लुवेक विष असतं हो! त्यात सायनाइड असतं. बिया उकळतात, मग राखेत, केळीच्या पानांत गुंडाळून चाळीसेक दिवस जमिनीत पुरतात, तेव्हा कुठे आतला पांढरट गर काळा आणि खाण्याजोगा होतो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी एक बी माझ्या कानाशी धरून खुळखुळ वाजवून दाखवली होती, तयार बी अशी वाजते म्हणून. फोडल्यावर प्रत्येक गर जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर टाकायचा, हे त्यांनीच शिकवलं. इतकं सगळं ठाऊक असलेल्या मी ते ‘ताजे’ वाचलं आणि अंगठा पाठवला. रात्रीचे अकरा वाजले होते, दिवसभर काम करून आले होते, माझी इंडोनेशियन तोडकीमोडकी, वाटलं बोलण्याच्या भरात लिहिलं असेल. रोज त्या एका शब्दापाशी येऊन अडकते.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने नाव जुळत नसल्याचं सांगितलं. विचारलं तर म्हणाला, खातं बायकोचं आहे. खात्याचा नंबर एलटीने सुरू होत होता, म्हणजे लिथुआनियाचा. जर्मनीत राहणाऱ्याचं खातं तिकडे कशाला, हे तिथल्या तिथे विचारा. आणि अनोळखी माणसाला इन्स्टंट ट्रान्सफर कधीही करू नका, दहा सेकंदांत पैसे समोरच्याच्या खात्यात पडतात आणि परत खेचता येत नाहीत.

चार दिवसांनी म्हणे पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ६४ युरो भरा. सामान बॅगेतून येणार होतं, मग पार्सल कुठून आलं? पण पाहुणे तीन दिवसांवर आले होते. भरले. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

बँकेत गेले. समोरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली: सूचना दाखवली होती, तुम्ही ‘तरीही पाठवा’ दाबलंत, विषय संपला. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, मग स्वतः गेले. तिथल्या माणसाने पाऊण तास क्लुवेक म्हणजे काय, ते कायदेशीर आहे का, हेच विचारलं, जणू गुन्हा मी केलाय. फोन नंबर, खातं, सगळ्या चॅटची एकोणीस पानं छापून दिली होती. ती उघडून तरी बघितली का? सात आठवड्यांनी सरकारी वकिलांचं अर्ध्या पानाचं पत्र आलं: आरोपीचा शोध लागत नाही, प्रकरण बंद. खात्याचा नंबर हातात असताना शोध कसा लागत नाही? ग्रुपच्या ॲडमिनने तर माझी पोस्टच काढली, ‘वातावरण बिघडतं’ म्हणून. माझ्यासारख्या आणखी दोघींनी ती वाचली असती तर त्यांचे पैसे वाचले असते. त्या दोघी मला नंतर भेटल्या, एकीचे १४० गेलेत.

सामानाचा फोटो मागाल तर आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून मागा. मी मागितला नाही. आणि रक्कम लहान आहे म्हणून तक्रार टाळू नका, लहान रकमांवरच ही माणसं जगतात.

त्या दिवशी मी सोतो केलं, हळदीचं पिवळं, कोंबडीचं सूप. नवरा काही बोलला नाही. वडिलांच्या फोटोसमोर वाटी ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

काल त्याच्या जाहिरातीतला तोच क्लुवेकचा फोटो दुसऱ्या एका ग्रुपवर दिसला, तीच निळी टोपली, तोच चिरलेला लाकडी पाट. नाव बदललंय. खाली लिहिलंय, ‘ताजे, याच आठवड्यातले.’