वॉक मोड न दाखवता विकलेलं टूरिंग बाइंडिंग: ८४,८५० रुपये गेले

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा. टूरिंग बाइंडिंगवर टाच मोकळी ठेवून डोंगर चढताही येतो, त्या अवस्थेला वॉक मोड म्हणतात. असल्या बाइंडिंगसकट जुनी स्की-जोडी घेतली आणि फसलो. आधी आकडे. टोकन १०,००० रुपये. उरलेली किंमत ६४,५००. माझ्या बुटाच्या मापाने बाइंडिंग बसवून देण्याचे ३,२००. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्ट ४,८५०. खोका गोव्यात फोंड्याला पोचला तेव्हा गोदामात कळलं की भाडं भरलेलंच नाही, पावती 'टू पे'ची, ते २,३००. एकूण ८४,८५०. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

सेकंडहँड विक्रीतले भामटे कसे वागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. "आणखी दोघे विचारतायत", पैसे भावाच्या खात्यावर, मग फोन बंद. इथे भावाचं खातं होतं, पण फोन बंद झाला नाही आणि वस्तूही आली. म्हणूनच हा प्रकार जास्त घातक आहे, कारण वस्तू आली की तुमची तक्रार कोणी तक्रार मानत नाही.

जाहिरात अशी: १८० सेंमी लांब स्की, कमरेला (मधल्या अरुंद भागात) १०४ मिमी रुंद, त्यावर सालोमन कंपनीचं शिफ्ट १३ बाइंडिंग, स्किन्ससकट (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या), ७४,५०० रुपये. गुलमर्गसाठी हा संच अगदी योग्य. तिथे गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटरला सोडतो, आणि तिथून थोडं चढून कडेच्या अनियंत्रित उतारांवर जाता येतं. म्हणजे दिवसातली बहुतेक उंची पाळणा मिळवून देतो, स्किन्स लावून चढायचं थोडंच असतं. अशा वापराला जुन्या पद्धतीचं फ्रेम बाइंडिंग जड पडतं, कारण प्रत्येक पावलाला पूर्ण सांगाडा टाचेबरोबर उचलावा लागतो. निव्वळ पिनांनी बूट धरणारं हलकं बाइंडिंग दिवसभर कडक पिस्टवर (यंत्राने दाबून तयार केलेल्या उतारावर) दणके खायला नको वाटतं. शिफ्ट चढताना पुढच्या पिनांवर चालतं, उतरताना पिना बाजूला होतात आणि नेहमीच्या अल्पाइन (फक्त उतरायच्या) बाइंडिंगसारखं धरतं. एका पायाला ९०० ग्रॅमच्या आसपास वजन. निवड बरोबर होती, आजही तीच करीन. माल खोटा निघाला.

आता ती गोष्ट, जी रात्री झोपू देत नाही. विकणाऱ्याने पाठवलेला व्हिडिओ २२ सेकंदांचा होता. बूट पुढे सरकवला, टाच दाबली, खट्ट आवाज, पुन्हा सोडवला, संपलं. यात फक्त उतरणीचं काम दिसलं. वॉक मोड दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं: "दादा, घरात बर्फ कुठनं आणू?" व्यवहार तिथेच तोडायला हवा होता. वॉक मोडला बर्फ लागत नाही, सतरंजी पुरते! बाइंडिंगचे पुढचे पंख (बूट दोन्ही बाजूंनी धरणारे) बाहेर उघडून लॉक करायचे म्हणजे पिना मोकळ्या होतात. मागचा ब्रेक दाबून वर अडकवायचा. बुटाच्या चवड्यापाशी दोन्ही बाजूंना धातूच्या खोबणी असतात, त्यांत पिना बसवायच्या आणि टाच तीसेक वेळा जोरात उचलायची. पंख आत आले नाहीत आणि ब्रेक सुटून खाली पडला नाही, तर बाइंडिंग चालतं. मिनिटभराचं काम. हे करून न दाखवणाऱ्याला टोकनसुद्धा देऊ नका.

पण हा माणूस बोलायला पक्का होता, हेही सांगितलंच पाहिजे. बुटाच्या तळाची लांबी ३०६ मिमी सांगितल्यावर तो स्वतःहून म्हणाला, आधीचा बूट ३४५ चा, फरक ३९, शिफ्टची टाच रुळावर ३० मिमीच सरकते, तेव्हा मागची भोकं नव्याने पाडावी लागतील. हिशेब चोख आहे. इतकं अचूक बोलणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. फोटोंत नसलेले स्टिकर व्हिडिओत दिसत होते, त्यावरही त्याच्याकडे उत्तर तयार होतं: "नंतर हौसेने लावले."

ते स्टिकर कशासाठी होते ते खोका उघडल्यावर कळलं. उजव्या स्कीवर टाचेच्या पुढे निळा स्टिकर. कोपरा नखाने उचलला तर खाली गाडीच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी, वरून काळा रंग. सुई टोचली तसा भुगा निघाला आणि जुनं भोक उघडं पडलं. त्याच्या आधीचं आणखी एक पलीकडे. नवीन भोक जुन्यापासून ६ मिमीवर पाडलेलं. दोन भोकांच्या मध्यांत निदान १० मिमी अंतर हवं, नाहीतर मधलं लाकूड चिरतं. त्या स्कीवरच छापलंय की भोकाचं बिट ३.६ मिमीचं आणि खोली ९ मिमी. भोकं होती ४.१ ची, जी आत धातूचा पत्रा असलेल्या स्कीला पाडतात. पोझिड्राइव्ह ३ नंबरच्या पेचकसाने स्क्रू आवळायला गेलं, तर लोण्यात सुरी फिरावी तसा तो फिरतच राहिला. (साधा फिलिप्स पेचकस वापरू नका, स्क्रूचं डोकं जातं.)

ब्रेक ९० मिमीचे, कमर १०४. ब्रेकचे हात पकडीने बाहेर वाकवून बसवलेले. ब्रेक कमरेपेक्षा ५ ते १० मिमी रुंद हवा, फार तर १५. वाकवलेला ब्रेक नीट मिटत नाही, कड लावून वळताना बर्फात अडकतो, आणि सुटलेली स्की थांबवायच्या वेळी उघडत नाही. डाव्या पुढच्या भागाचे पंख वॉक मोडमध्ये चार पावलांत आत यायचे. बुटाखालची सरकती पट्टी, जिची उंची बुटाच्या तळाप्रमाणे जुळवायची असते, ती स्क्रू झिजल्यामुळे आपोआप खाली बसत होती. असल्या बाइंडिंगवर डीआयएनचा आकडा (पडताना बूट किती जोराला सुटावा त्याचं माप) ७ लावा की ९, त्याला अर्थ राहत नाही. गुडघा तुमचा जातो.

कळवल्यावर तो काय म्हणाला? "गोव्याच्या खाऱ्या हवेने कडा गंजल्या असतील, त्यात मी काय करू?" खोका उघडून तीन तास झाले नव्हते! हवेचा गंज नारिंगी आणि वरवरचा असतो, गमस्टोनने (खरखरीत रबरी घासणीने) घासला की जातो. इथे स्कीच्या पोलादी कडेत काळपट खड्डे पडलेले, आणि कडेलगतच्या भेगेतून पाणी लाकडापर्यंत गेलेलं. तो ओलावा अनेक मोसमांचा, बहुधा भाड्याने दिलेल्या जोडीचा.

मग पोलीस ठाणं. तिथे पहिला प्रश्न, "हे बीचवर कुठे वापरतात?" तक्रारीत लिहिलं गेलं 'वॉटर स्पोर्ट्सचं साहित्य'. बदलून घ्यायला सांगितलं तर, "अर्थ तोच." अर्थ तोच कसा? जाहिरातीतली वस्तू आणि आलेली वस्तू यांतला फरक हाच गुन्ह्याचा गाभा, आणि कागदावर वस्तूच दुसरी! नंतर साहेबांचं उत्तर: माल मिळाला ना, मग हा दिवाणी मामला, आणि खातं दुसऱ्या राज्यातलं, हद्द आमची नाही. हे खरं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. नंबर तोंडपाठ करून जा, नाहीतर बाकावर बसवून ठेवतात. बँकेच्या शाखेत तर मान वर करून कोणी बोललं नाही. "यूपीआय तुम्हीच केलंत." हो, मीच केलं, फसवून करवून घेतलं म्हणूनच आलोय ना? समोरचं खातं गोठवायची विनंती पुढे पाठवायला त्यांना कोणी अडवलं होतं?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन माल बघितल्याबरोबर करा, समजूत घालायच्या फोनाफोनीत वेळ घालवू नका. तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, ट्रान्सपोर्टच्या लेबलपासून. विकणारा नियमित धंदा करत असेल, तर ग्राहक आयोगात स्वतःच्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही. त्यासाठी त्याच्या इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, नंतर त्या गायब होतात.

विकत घेताना बाइंडिंगखालच्या भागाचे फोटो मागा, स्टिकर काढून. ब्रेकवरचा आकडा वाचता येईल असा फोटो. दोन्ही स्की तळ जोडून बाजूने धरलेला फोटो, त्यात वाकडेपणा कळतो. आणि तुमच्या बुटाला पुढच्या धातूच्या खोबणी आहेत का ते आधी बघा, ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, रबरी) तळ असला म्हणजे खोबणी असतातच असं नाही.

तेच फोटो पुन्हा जाहिरातीत लागले आहेत: लाकडी कठड्याला टेकवलेली जोडी, मागे बर्फ, यावेळी किंमत ६९,०००. कोणी बोलणी करत असेल तर वॉक मोडचा व्हिडिओ मागा आणि तो येईपर्यंत एक पैसा पाठवू नका.