म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: मॉलविरोधी निवेदनावर सही करण्याआधी

गोव्याच्या बार्देश तालुक्यात कुठेही मोठं सुपरमार्केट येणार अशी कुणकुण लागली की निवेदनाचा मजकूर ठरलेला: 'स्थानिक व्यापार बुडेल, आमची संस्कृती संपेल.' खाली सह्यांची रांग. पण बुडणारा व्यापार नेमका कुठल्या मालाचा, हे पिशवी घेऊन कोणी तपासत नाही. म्हणून हे परीक्षण बाजाराचं, मॉलचं नव्हे.

निकाल आधीच सांगून टाकतो. गावठी मालाला शुक्रवारच्या म्हापशाला तोड नाही. पॅकबंद किराण्यासाठी तिथे जाऊ नये. गाडी नेणार असाल तर सकाळी लवकर पोचा, नाहीतर कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसने जा. बसस्थानकावरून बाजार चालत गाठता येतो.

बाजाराची आखणी पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळातली. केळ्यांची ओळ वेगळी, मडक्यांची वेगळी, सुक्या मासळीची वेगळी. मधला भाग पक्क्या दुकानांचा. खरी मजा त्यांच्या बाहेर, जमिनीवर गोणपाट अंथरून बसणाऱ्या बायकांकडे. पण तिथेही दोन जाती आहेत. काहीजणी स्वतःच्या परसातलं आणतात, काहीजणी बेळगावहून आलेला ट्रक पहाटे उतरवून घेतात आणि त्यालाच 'गावठी' म्हणतात. ओळखायची खूण सोपी: परसातल्या बाईकडे पाच-सहा जिन्नस असतात, थोडेथोडे आणि आकाराने वेडेवाकडे. वीस भाज्या एकसारख्या मापाच्या दिसल्या तर तो घाटावरचा माल. तो वाईट नसतो, पण त्याला गावठी भाव देऊ नये. तीच बेळगावची भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर अनुदानित दरात मिळते.

मिरची हा इथला सगळ्यात फसवा जिन्नस. काणकोणच्या खोला मिरचीला 2020 मध्ये आणि पेडण्याच्या हरमल मिरचीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाजारातली प्रत्येक लाल मिरची याच दोन गावची झाली आहे. मूठभर घेऊन कानाशी हलवावी. बी खुळखुळलं तर वाळलेली. देठ मोडून पाहावा. कट्‌कन तुटला तर ठीक, वाकला तर आत ओल आहे आणि पावसाळ्यात बरणीत बुरशी धरणार. देठाजवळ करडी पूड दिसली तर तो वाटा सोडून द्यावा. वर्षाची मिरची एप्रिल-मेमध्ये घ्यायची, घरी आणून पुन्हा दोन-तीन कडक उन्हं द्यायची आणि गार झाल्यावरच भरायची. गरम मिरची बरणीत कोंडली की झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरचा थर आधी जातो.

सोलांचं, म्हणजे कोकमांचं, तसंच. चांगलं सोल काळपट जांभळं असतं, बोटाला चिकटतं, पण दाबल्यावर पाणी सोडत नाही. भिंडाची (कोकमफळाची) साल त्याच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवली की ते तयार होतं. घाई केलेल्या मालात मिठाचं पाणी मारून वजन वाढवलेलं असतं, आणि तशी सोलं कढीत आंबटपणाआधी खारटपणा सोडतात. एक सोल जिभेवर ठेवलं की कळतं. विकणारी चाखायला देत नसेल तर पुढे चला.

मिंडोळी, म्हणजे मयड्याची केळी, नगावर मिळतात. साल पिवळी धमक असताना खाल्ली तर तुरट लागतात. सालीवर काळे ठिपके येईपर्यंत थांबावं, आणि फिगाद (केळ्यांचा घट्ट गोड पदार्थ) करायची असेल तर आणखी एक-दोन दिवस. मानकुराद आंबा डझनावर. हंगामाच्या तोंडावर त्याचा भाव ऐकून फक्त मान डोलवायची. खायचा आंबा मेमध्ये. पहिला जोरदार पाऊस पडून गेला की फळमाशी लागते आणि वरून निर्मळ दिसणाऱ्या फळात अळी निघते, त्यामुळे जूनमधला स्वस्त डझन स्वस्त पडत नाही.

चोरीसांव (डुकराच्या मांसाचे गोव्याचे सॉसेज) घेणाऱ्यांनी माळेचा भाव ऐकून हरखू नये. दाणे किती आणि केवढे ते पाहावं. आतड्याला कोरडेपणा हवा, बुळबुळीत नको. एवढं करूनही पाकिटावर असते तशी उत्पादनाची तारीख इथे मिळत नाही, आणि या एका बाबतीत सुपरमार्केटच्या फ्रीजला जास्त गुण द्यावे लागतात. काजूच्या बाबतीत दोन्हीकडे सावध राहावं. पाकिटावरची प्रत डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात साधारण 220 ते 240 गर, डब्ल्यू 320 म्हणजे 300 ते 320, म्हणजे आकडा मोठा तेवढा काजू लहान. हे आकडे गोव्याचा माल असल्याचा पुरावा नव्हेत. पर्यटकांसाठीच्या कित्येक पाकिटांत आफ्रिकेतून आलेल्या बियांचा गर असतो.

आता बाजाराचे दोष. पार्किंग नाही, हा पहिला आणि शेवटपर्यंत न सुटणारा. तराजूचा प्रश्न दुसरा: इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हायला हवी आणि तिचा शिक्का काट्यावर दिसायला हवा. बऱ्याच काट्यांवर तो शोधावा लागतो. रिकाम्या काट्यावर शून्य दिसतं का ते बघूनच टोपली ठेवू द्यावी. तक्रार करायची तर वजनमापे खात्याकडे, किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर. पावसात गटारांजवळच्या ओळी टाळाव्यात. बिल मागू नका, मिळत नाही, आणि परत घेण्याचा तर विषयच नाही.

तेल, डाळ, साबण, चहा, बिस्किटं यांत मोठं दुकान जिंकतं, आणि त्याचं कारण साधं आहे. गावचा पसरकार (छोटा किराणा दुकानदार) वितरकाकडून खोक्याने माल घेतो, साखळी दुकान कंपनीकडून ट्रकने. मधली एक कडी गळली की छापील किमतीच्या खाली विकणं परवडतं. त्याला पसरकाराने दरात उत्तर द्यायला जाऊ नये, बुडेल. त्याची ताकद पाव किलो रव्यात, वहीवरच्या उधारीत आणि मोठं दुकान शटर उघडण्याआधी दोन तास चालणाऱ्या गल्ल्यात आहे. उलट गिऱ्हाइकाने मोठ्या दुकानात 'एकावर एक फुकट'ला भुलू नये: वेष्टनावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, तो पाहावा, आणि मुदत संपायची तारीखही. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं.

मोठं दुकान म्हणजे परकंच असंही नाही. फोंड्याची गोवा बागायतदार ही सुपारीवाल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था, आणि तिचीही किराणा-भुसाराची मोठी दुकानं आहेत. पसरकारांनी एकत्र येऊन खरेदी केली तर ट्रकचा भाव त्यांनाही मिळू शकतो. हे मोर्चापेक्षा कंटाळवाणं काम आहे, म्हणून मागे पडतं.

निवेदनाकडे वळू. 'विदेशी कंपनी येतेय' ही ओळ आधी खोडा. 2012 मध्ये केंद्राने अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानांत 51 टक्के परदेशी भांडवलाला वाट दिली ती राज्यांच्या संमतीवर, आणि संमती देणाऱ्यांत गोवा नव्हता. येणारं दुकान बहुधा देशी साखळीचं असतं. 'व्यापार बुडेल' हेही परवाना देणाऱ्याच्या कामाचं नाही. स्पर्धा हे बांधकाम परवाना नाकारण्याचं कारण होत नाही. पंचायतीने नुसत्या 'आम्हाला नको' ठरावावर परवाना अडवला तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जातो आणि ठराव तिथे टिकत नाही.

टिकतं ते कागदावरचं. सर्व्हे नंबर घेऊन एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि नकाशा काढा. 'प्रादेशिक आराखडा 2021' या नावाच्या आराखड्यात, किंवा म्हापशासारख्या पीडीएच्या (नियोजन व विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत ओडीपीमध्ये (शहराच्या विकास आराखड्यात), जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते पाहा. भात शेती असेल तर सनद (जमीन बिगरशेती वापरायची परवानगी) मागा. झोन अलीकडे बदललेला असेल तर कुठल्या कलमाखाली बदलला ते विचारा. नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) चे, म्हणजे एकेका जागेचा झोन दुरुस्त करण्याचे, नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले, त्यामुळे हा प्रश्न पोकळ राहिलेला नाही. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मुदत मोजत बसावं लागतं, म्हणून पाया खणायच्या आधी अर्ज जायला हवा.

मग हरकतीत पाचच मुद्दे मोजून मापून लिहा: रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी (टेप लावून, फोटोसह), गाड्यांना आत किती जागा दाखवली आहे, पाणी नळाचं की बोअरवेलचं, आणि सांडपाणी कुठे सोडणार. पाचवा मुद्दा लोक विसरतात तो माल उतरवणाऱ्या ट्रकांचा. नकाशात गिऱ्हाइकांचं पार्किंग असतं, ट्रक वळायला जागा नसते, आणि मग तो सकाळी शाळेच्या वेळेला रस्त्यावरच उभा राहतो. हरकत दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सही करणाऱ्या प्रत्येकाने आपला पत्ता आणि जागेपासूनचं अंतर लिहिलेलं बरं. दुसऱ्या तालुक्यातल्या शंभर सह्यांपेक्षा त्याच रस्त्यावरच्या दहा घरांच्या सह्या फाइलमध्ये जड पडतात.